ओहोटीत मोजलेलं शहर

वाईहून सकाळी सहाच्या गाडीने निघाले तेव्हा माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत तांब्याचा लहान कलश आणि कलशात माझा थोरला भाऊ. कंडक्टरने सामान वर ठेवायला सांगितलं. मी नको म्हटलं. त्याने पुन्हा सांगितलं नाही.

आमच्या घरापासून कृष्णेचा घाट चाळीस पावलांवर आहे, पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. इथे काय वाईट होतं, असं गल्लीत सगळ्यांनी विचारलं. पण दादाने बजावून ठेवलं होतं की त्याची राख कामोठ्याच्या खाडीत जायला हवी. नवी मुंबई उभी राहायच्या आधी, ऐन तरुणपणी तो तिथे मोजणीच्या कामावर होता. चिखलात उभं राहून त्याने जमिनीची उंची मोजली आणि मग कचेरीत बसून त्याच चिखलावर रेघा ओढल्या. शेवटच्या आठवड्यात तो रोज एकच विचारायचा, आज तिथी कुठली? वार नको, तारीख नको. मी सांगायची, तो बोटांवर काहीतरी मोजायचा आणि डोळे मिटायचा. डॉक्टर म्हणाले, या वयात भ्रम होतो. मी मान डोलावली.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. शहरं नदीकाठी, बंदरापाशी, घाटाच्या तोंडाशी वसतात, हे वाक्य कित्येक मुलांकडून पाठ करून घेतलं. कचेरीतल्या टेबलावरही वसतात, हे पुस्तकात नव्हतं.

घाट उतरून गाडी कळंबोलीला थांबली. कळंबोली हे माझ्या पुस्तकातलं आज्ञाधारक गाव. घाट संपतो, महामार्ग एकमेकांना भेटतात, म्हणून ट्रक थांबतात. ट्रक थांबतात म्हणून लोखंड उतरतं आणि लोखंड उतरतं म्हणून दिवसभर चहा उकळतो. त्याला सुंदर कोणी म्हणणार नाही, पण आपण इथे का आहोत हे त्याला ठाऊक आहे. पुलाखाली उभ्याने चहा प्याले. आल्यापेक्षा डिझेलचा वास जास्त होता.

रिक्षावाल्याला म्हटलं, कामोठ्याला, खाडीवर.

"सेक्टर सांगा ना, आजी."

खाडीला सेक्टर नसतो, असं मी म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे नीट पाहिलं. ज्याला सेक्टर नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हतं. शेवटी त्याने मला खाडीचंच नाव घेतलेल्या एका वीस मजली सोसायटीच्या फाटकाशी सोडलं.

वॉचमनने वही पुढे केली. 'कोणाला भेटायचे' या रकान्यात मी 'खाडी' लिहिलं. त्याने ते वाचलं आणि फ्लॅट नंबर विचारला. मी पिशवीतला कलश दाखवला तेव्हा तो खुर्चीवरून उठला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खाडी दिसते, मॅडम. जायला नाही."

दिसते म्हणजे काय, ते त्याने मागच्या बागेत नेऊन दाखवलं. भिंत, भिंतीवर काटेरी तार, तारेपलीकडे तिवरं (खारफुटीची झाडं) आणि त्यांच्यामागे मैलभर राखाडी चिखल. नकाशात ही जागा निळी आहे. तो निळा रंग मी जन्मभर फळ्यावर भरला, पण दिवसातून दोनदा तो पुसला जातो हे विसरून, गाडीच्या वेळा तेवढ्या पाहून निघाले होते.

तेवढ्यात फेऱ्या मारणारे एक गृहस्थ थांबले. ते सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी मनापासून सहानुभूती दाखवली आणि अस्थी इथे नकोत हेही तितक्याच मनापासून सांगितलं. मेंबर्सना टेन्शन येतं म्हणे. त्यापेक्षा गणपतीसाठी बांधलेला टाइल्सचा हौद सोयीचा पडेल. त्यात पाणी आहे का, असं मी विचारलं. आत्ता नाही, पण पार्किंग उत्तम आहे, असं ते म्हणाले.

बाहेर येताना वॉचमन हळूच म्हणाला, "जुन्या गावात विचारा. ते लोक जातात."

जुनं गाव रिक्षाने पाच मिनिटांवर होतं. रिक्षा शेवटच्या वळणावर कण्हली आणि मला बरं वाटलं, कारण रस्ता चढत होता. फार नाही, पुरुषभर. दादा सांगायचा, गावं सगळी टेकाडांवर होती. खाली खाजण (भरतीचं पाणी शिरणारी जमीन) उरलं, ते आम्ही शहराला दिलं.

ओट्यावर एक म्हातारी चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधत बसली होती. नाव हिराबाय. कुठून आले, कशाला आले ते तिने विचारून घेतलं आणि कलशाकडे पाहत म्हणाली, "आता पानी नाय हाय, बाय. आज कंची तिथ?"

दादामुळे लागलेली सवय. मी म्हटलं, पंचमी.

तिने अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. "पाच पाऊन पावनेचार. पावनेचारला भरती भरंल."

मी तिचा हिशोब माझ्या पेरांवर पुन्हा करून पाहिला. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दादाला भ्रम झाला नव्हता. वाईच्या खाटेवरून तो रोज इथल्या पाण्याची वेळ काढत होता आणि भूगोलाची बाई उशाशी बसून डॉक्टरांना हो म्हणत होती.

दुपारी हिराबायने तांदळाची भाकरी आणि जवळा (बारीक सुकी कोलंबी) वाढला. तिखटाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते तिखटाचंच धरलं. मोजणीवाले तिला आठवत होते. चिखलात कधी उतरायचं आणि कधी पळायचं, हे गावातलेच त्यांना सांगायचे.

"त्यांना फूटपट्टीला ओहोटीच लागं. पानी आला का पलायचे. मंग कागदावर पानी कसा येल?"

आता पावसाळ्यात सेक्टरांत पाणी भरतं. "मंग ती मानसं गाड्या आनून आमचे दारात ठेवतान," ती म्हणाली. "आमी काय बोलत नाय. गाडीचा काय दोष?"

साडेतीनला तिने मला शाळेच्या कुंपणामागून, तिवरांमधून जाणाऱ्या बांधावर नेलं. पाणी आवाज न करता येत होतं. पुढे दुधाच्या पिशव्या, एक चप्पल, मागे तपकिरी पाणी. चिखल दिसेनासा झाला.

"उतर, हितं पाय रुतत नाय," हिराबाय म्हणाली आणि माझा दंड धरून आधी स्वतः उतरली. मी कलश उपडा केला. ज्या जागी दादाने रेघा मारल्या होत्या तिथे तो क्षणभर तरंगला आणि पाण्याबरोबर आत, शहराच्या दिशेने गेला. वर वीस मजल्यांच्या गॅलऱ्यांत कोणी नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने परतले. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर जाऊन बसले. कृष्णा तिथेच होती, पायऱ्यांवर जिथे रोज असते तिथे. वाईला भरती येत नाही. तरी मी बोटांची पेरं मोजली. षष्ठी, सहा पाऊण साडेचार. साडेचार वाजेपर्यंत बसले आणि मग उठले.