दादामियाँचा गाल आणि कमलबाईंचा नारळ

ढोकीच्या दादामियाँनी बनवलेली पेटी रुखवतात मांडली तरी शोभून दिसेल. असते ती विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरची, साध्या पत्र्याची, पण दादामियाँ तिला मोरपंखी रंग देतात आणि दारावर पत्र्याचा मोर बसवतात. पेटी बसवून झाली की त्यांचा एक विधी असतो. मोटार चालू करायची, टोपी काढायची आणि पेटीला गाल लावून डोळे मिटायचे.

"बघा, उशी हाय उशी!"

गेल्या खंडेनवमीला हिंमतरावांच्या मळ्यात ही उशी कमलबाईंना चावली.

नवमीला शेतातल्या सगळ्या अवजारांची पूजा असते. हिंमतरावांच्या कारभारीण कमलबाईंनी कोयते झाले, नांगर झाला, ट्रॅक्टर झाला, तसे पेटीलाही हार घातला आणि नारळ फोडला तो थेट तिच्या डोक्यावर. वायरी आत घ्यायचे भोक वरच होते. पाणी त्यातून आत उतरले, स्टार्टरमागच्या आंब्याच्या फळीत मुरले. पुढच्या क्षणी कुंकवाचे बोट टेकले आणि कमलबाई ताटासकट मागे फेकल्या गेल्या.

"म्या हिला कुंकू लावतीया आन् ही मलाच झटका देती! काढा ही. प्लास्टिकची आणा."

निरोप मिळताच दादामियाँ धावत आले. हिंमतराव म्हणजे ऊसवाल्यांतले वजनदार माणूस. त्यांच्या मळ्यातली पेटी उतरली असती, तर शिवारातले सगळे मोर उतरले असते. दादामियाँनी आधी अर्थिंगची तार शोधली. ती अंगणात सापडली. तिच्यावर हिंमतरावांचे धोतर वाळत होते. दादामियाँचा चेहरा खुलला, पण हिंमतराव म्हणाले, "तार काढली ही माझी चूक, मिस्त्री. पण फळी कुणाची?"

फळी दादामियाँचीच होती. त्यांनी हात जोडले. "वहिनी, एक डाव संधी द्या. तुम्ही सोता हात लावला तर ऱ्हाऊ द्या, न्हाय तर म्याच उचलून नेतो."

आता प्रश्न एकच. स्टार्टर आणि पत्रा यांच्यामध्ये घालायचे काय? दादामियाँनी घरी परीक्षा मांडली. प्रत्येक वस्तूचा तुकडा रात्रभर नारळाच्या पाण्यात बुडवायचा, उन्हाने तापलेल्या पत्र्यावर टाकायचा, मग मेगर नावाच्या यंत्राची मूठ फिरवून त्यातून वीज झिरपते का ते बघायचे. ट्रॅक्टरच्या ट्यूबचे काळे रबर पहिलेच नापास. त्यात काजळी घातलेली असते आणि वीज काजळीवरून खुशाल चालते. प्लास्टिकचे झाकण उन्हात पापडासारखे वाकले. जुन्या स्विचांच्या बॅकेलाइटने बरी आशा लावली, पण त्याची कापलेली कड गुपचूप पाणी पीत होती.

रोज नारळ फुटत होता, त्यामुळे रोज खोबऱ्याचे सालन होत होते. चौथ्या जेवणाला दादामियाँच्या बायकोने, जमिलाबीने, ताट आपटले.

"अजी, नारळ माझा, पत्रा माझा, झाकण माझ्या मिरचीच्या डब्याचं. ह्या परीक्षेत तुमचं काय हाय?"

"माझा गाल हाय ना!"

शेवटी पिवळसर फायबर ग्लासची जाड शीट पास झाली. ना ती वाकली, ना पाणी प्यायली, आणि मेगरचा काटा पार टोकाला जाऊन बसला, म्हणजे वीज थेंबभरही झिरपली नाही. दादामियाँनी शीट बसवली, भोक खालच्या अंगाला घेऊन त्यात रबरी कडे घातले आणि धोतर उतरवून तार पुन्हा जमिनीत नेली.

भर दुपारी सगळी भावकी मळ्यात जमली. जमिलाबीही आली होती. कमलबाईंनी मुद्दाम पेटीच्या डोक्यावरच नारळ फोडला. मोटार सुरू झाली. दादामियाँनी टोपी काढली, डोळे मिटले, गाल टेकवला.

"या अल्लाऽऽ!"

ते उडाले ते थेट उसाच्या सरीत.

"बघा!" कमलबाई ओरडल्या. "आता तर मिस्त्रीलाच फेकलं!"

"वहिनी, करंट न्हाय! ऊन! पत्रा तापलाय!"

कोण विश्वास ठेवणार? हिंमतराव तर प्लास्टिकच्या पेटीसाठी मोबाईल काढू लागले. दादामियाँ गाल धरून उभे होते आणि बोटांच्या फटीतून गालावर उमटलेला मोराचा तुरा दिसत होता.

तेवढ्यात जमिलाबी पुढे झाली. रोज तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी बाई ती. तिने तळवा सरळ पेटीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"गरम हाय, बाई. बाकी काय न्हाय."

कमलबाईंनी जमिलाबीकडे पाहिले, मग पेटीकडे, मग हळूच एक बोट टेकवले. मग दुसरे.

"व्हय की. तव्यावानी तापलीया नुसती."

त्यांनी पेटीला ठसठशीत कुंकू लावले. मग ताटातली चिमूटभर हळद घेऊन त्या दादामियाँकडे वळल्या.

"दादाभाई, गाल इकडं करा. भाजल्यावर बरी असती."

त्या दिवशी दादामियाँ अख्ख्या ढोकीतून गालावर मोराचा तुरा आणि त्यावर हळद मिरवत घरी गेले. आता त्यांच्या प्रत्येक पेटीवर उतरती छपरी असते. ऊनही अडते, पाणीही घसरते. तक्रार एकच येते, ती कमलबाईंची: ह्या छपरीवर नारळ काही नीट फुटत नाही.