अहवालातला आमचा नळ

माझ्या हातून झालेली चूक सरकारी कागदात रंगीत फोटोसकट छापून आली आहे. आता बोला!

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यातलं. दारोदारी नळ बसलेत, पाणी मात्र पंधरवड्यातून एकदा आलं तर आलं. बाकी गाव टेकडीच्या पायथ्याच्या झऱ्यावर जगतं. पण बाहेरच्या माणसाला हे सांगायचं नाही. पाणी नाही म्हटलं की कुणी मुलगी देत नाही. मुलीकडचे घर बघायला येणार असले की आदल्या दिवशी सगळी भावकी झऱ्यावरून हंडे वाहते आणि घरावरची टाकी भरून ठेवते. पाहुण्यांनी तोटी फिरवली की धो धो पाणी! मीही अशाच तोटीला भुलून इथं नांदायला आले. तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, हातात हंडा दिला, तेव्हा इतकी संतापले की दोन दिवस जेवले नाही. आणि पुढं टाकी भरायला सगळ्यांत आधी मीच!

धाकट्या दिराचं काही केल्या जमत नव्हतं. शेवटी टेकडीपलीकडच्या गावात एक स्थळ जुळत आलं. मुलीकडचे घर बघायला आले आणि नेमकी त्याच वेळी दोन माणसं फाइल घेऊन दारात उभी. टेकडीवर दगडाची खाण होणार होती. तिच्या पर्यावरण परवानगीसाठी अहवाल बनवायचं काम त्यांच्याकडं.

"ताई, पाणी कुठून आणता?"

ओसरीत मुलीचा मामा चहा पीत बसलेला, कान सगळे इकडंच. मी काय सांगणार?

"आणायला कशाला लागतंय? नळाला बारा महिने हाय की!" म्हटलं, आणि वर तोटी फिरवून दाखवली. त्यांनी फोटो काढला. मामा खूश, आत्याबाई खूश. सोयरीक ठरली.

पुढं खाणीच्या जनसुनावणीची नोटीस लागली. मी ग्रामपंचायतीची सदस्य, म्हणून अहवालाचा मराठी सारांश वाचायला घेतला. तिसऱ्याच पानावर आमचा नळ, तोटीवर माझा बांगड्या भरलेला हात, आणि खाली ओळ : गावात घरोघरी नळाचे पाणी, झऱ्यावर अवलंबित्व नाही. झऱ्याच्या डोक्यावर सुरुंग लावायला मीच वाट करून दिली होती.

ग्रामसेवक म्हणाले, "सुनावणीत सांगा. बोललेलं लिहून घेतात, शूटिंग होतं, मग सगळं मुंबईच्या समितीकडं जातं. परवानगी द्यायची की नाही ते तिथं ठरतं, कागद बघून."

कागद बघून! म्हणजे झरा बघायला कुणी येणार नाही, माझी बांगडी तेवढी बघणार. आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. दूध उतू गेलं, लेकरांवर विनाकारण खेकसले. सुनावणीला पलीकडचं गावही येणार, मामाही येणार. खरं बोललं तर लग्न मोडणार, गप्प बसलं तर झरा जाणार. आत्याबाईंना विचारलं तर "मला नगं इचारू" म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

मंडप भरला. साहेब लोक बसले. कंपनीच्या माणसानं अहवाल वाचला. मग गावातले एकेक जण उठले. धुळीवर बोलले, घरांना तडे जातील म्हणाले, पाण्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. कसा काढतील? प्रत्येकाच्या घरी लग्नाचा मुलगा! मला असा राग आला की मी उठलेच.

"त्या फोटोतला हात माझा हाय. मी खोटं सांगितलं. टाकी आमी झऱ्यावरून भरली हुती."

साहेब म्हणाले, "मग तेव्हा खोटं का सांगितलं?"

"दिराचं लग्न जमवायचं हुतं, साहेब."

मंडपात हशा पिकला. माझं डोकंच फिरलं. "दात काय काढताय? तुमच्या टाक्या कुणी भरल्या?"

मामा उठला आणि कुणाकडं न बघता निघून गेला. आत्याबाईंनी त्याला जाताना पाहिलं. मग गुडघ्यावर हात देऊन त्या उभ्या राहिल्या. "लिवा सायेब. माज्या लेकाला पोरगी न्हाई मिळाली तरी चालंल. आमच्या गावात पानी न्हाई. त्यो झराच हाय." मग मागून बायका उठायला लागल्या, एक, दोन, अख्खी रांग.

साहेबांनी सगळं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. म्हणाले, "आधीचा अहवालही जाईल, हेही जाईल. निर्णय समितीचा."

लग्न मोडल्याचा फोन दिवस मावळायच्या आत आला. दीर मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्या मुलीचं नावही त्यानं पुन्हा काढलं नाही. रोज शेतावरून आला की एवढंच विचारतो, "वहिनी, मुंबईवरनं काय कळलं का?"

रोज मी सांगते, "न्हाई अजून."