स्पर्धेआधी लागलेला निकाल

माणसाने गाढवपणा करावा, पण घरातल्या घरात करावा. मी केला तो इंटरनेटवर, आणि वर तो सगळ्यांपर्यंत आपोआप पोचेल अशी सोयही आधीच करून ठेवली होती. हसू नका! अजून ऐकलंत कुठे?

मी आमच्या रायपूरच्या छोट्याशा मराठी मंडळाचा सचिव. रेल्वेतून निवृत्त झालो आणि जाहीर केलं की आता मंडळाचा ब्लॉग काढणार, तोही एक दमडी न घालता. अहो, काय काय फुकट मिळतं म्हणून सांगू! ब्लॉगची जागा फुकट, त्याची सजावट फुकट. एक साधन असं, की लेख आज लिहा, वेळ लावून ठेवा, तो त्या वेळी आपला आपण प्रसिद्ध होतो. दुसरं असं, की ब्लॉगवर काहीही आलं की अख्खा मजकूर मंडळाच्या ग्रुपवर जाऊन पडतो. आणि तिसरं माझं लाडकं. ते लेख तपासून कोपऱ्यात लाल नाहीतर हिरवा दिवा दाखवतं. आता ज्याने उभी हयात रेल्वेत काढली, त्याला समोर लाल दिवा असताना चैन पडेल का?

एक आतली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. कार्यक्रमाचा वृत्तांत कार्यक्रम झाल्यावर लिहायचा असतो. पण आमच्या कार्यक्रमात दर वेळी वेगळं असं काय घडतं हो? दीपप्रज्वलन होतं, माइक खरखरतो, अध्यक्ष लांबण लावतात आणि कार्यक्रम उत्साहात पार पडतो. म्हणून मी आदल्या दिवशीच लिहून ठेवतो. नंतर फक्त नावं भरायची.

यंदाच्या पाककला स्पर्धेचाही वृत्तांत असाच लिहिला. विषय होता सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्या बोलीत कोथिंबीर, तिचं सारण भरून तळलेली वडी. पहिला, दुसरा आणि तिसरा क्रमांक लिहून पुढे टिंबं टिंबं ठेवली. तर दिवा लाल! 'मजकूर अपुरा.' म्हटलं, तात्पुरती नावं टाकू, निकाल लागला की बदलू. पहिलं नाव कोणाचं सुचणार? समोर बायको कोथिंबीर निवडत बसली होती. प्रथम, सौ. सुनंदा वानखडे. द्वितीय, मंदाताई. तिसरं असंच कोणाचं तरी. आणि उत्साहाच्या भरात एक वाक्यही घातलं, 'सौ. वानखडे यांच्या खुसखुशीत वड्यांनी परीक्षक भारावून गेले.' झाला की हो हिरवा! वेळ लावली आठची. स्पर्धा चारला, निकाल सहाला, नावं बदलायला दोन तास हातात. नियोजन बघा माझं!

फक्त ते आठ सकाळचे लावले गेले.

दुसऱ्या दिवशी चहाचा दुसरा घोट घेत होतो, तर मंदाताईंचा फोन. गेली तीन वर्षं पहिला नंबर त्यांचाच.

"भाऊजी, अभिनंदन!"

"कशाबद्दल, ताई?"

"वहिनीचा पहिला नंबर आला नं! अन् मी दुसरी आली म्हणे. माझं तं बेसन अजून डब्यातच आहे, अन् मी दुसरी येऊन राहिली!"

मी चहा तसाच खाली ठेवला. तेवढ्यात आतून आमची मुलगी ओरडली, "बाबा, ये क्या डाल दिया आपने? डिलीट करो, जल्दी!"

मी धावत जाऊन लेख उडवला. पण ग्रुपवर पडलेला मजकूर तसाच! उलट त्या इमानदार साधनाने ग्रुपवर आणखी एक सूचना धाडली, 'हा लेख काढून टाकण्यात आला आहे.' झालं! बायका म्हणाल्या, पकडले गेले म्हणून काढला. मी घाईघाईने खुलासा टाकला की नावं तात्पुरती होती. त्यावर लगेच प्रश्न आला, "तात्पुरता पहिला नंबर तुमच्याच घरी काहून?" आता याला काय उत्तर देणार? तुम्ही असता तर काय दिलं असतं?

स्वयंपाकघरात जायची हिंमत होईना. कारण सुनंदा नऊ वर्षं या स्पर्धेत उतरते आहे आणि नऊ वर्षांत तिचा साधा तिसरा नंबरही आलेला नाही. यंदा तिने महिनाभर आधी तयारी धरली होती. महिनाभर आम्ही तिन्हीत्रिकाळ सांबारवडी खाल्ली! तिला बक्षिसाची हाव नव्हती हो. एकदा तरी चारचौघींत आपलं नाव पुकारलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण कढईतून नजर न काढता ती हळूच म्हणाली, "नऊ वर्षं नंबर नाही भेटला, त्याचं मले काही नाही. आता भेटला तरी माझा नाही राहिला जी."

मी चाचरत म्हणालो, "मग आज जाऊ नको."

"काहून नाही जाऊ? वड्या म्या केल्या. लबाडी म्या नाही केली."

दुपारी बक्षिसाच्या ताटल्या आणायला सदर बाजारात गेलो. दुकानदाराने सहज विचारलं, "भैया, नाम क्या लिखना है?" मी इतक्या मोठ्याने "नाम मत लिखो!" म्हणून ओरडलो की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन बघायला लागलं.

समता कॉलनीतल्या हॉलवर पोचलो तर मंदाताईंनी कारभार हातात घेतला होता. नावं बंद. सगळ्यांच्या वड्या एकसारख्या कागदी प्लेटांत, आणि प्लेटवर फक्त नंबर. परीक्षक बाहेरच्या, गुढियारीत खानावळ चालवणाऱ्या साहू दीदी. त्यांचा ना आमच्या ग्रुपशी संबंध, ना ब्लॉगशी. आता तरी कुणी काही बोलू शकणार नाही, म्हणून मी सुटकेचा श्वास सोडला.

आणि अर्धाच सोडून परत घेतला. कारण सात नंबरची प्लेट! महिनाभर खाल्लेली वडी मी दहा फुटांवरून ओळखतो. दीदींनी त्यातला एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि मान डोलावली. मला दरदरून घाम फुटला. हिला खरंच पहिला नंबर मिळाला तर? सगळे म्हणणार, बघा, ब्लॉगवर होतंच! जन्मभर तिच्या कपाळावर शिक्का बसणार, आणि तो मारणारा मी.

आता ऐका माझी अक्कल. दीदी हात धुवायला मागच्या नळावर गेल्या, तसा मी त्यांच्या मागोमाग.

"दीदी, एक विनती थी. सात नंबर को पहला मत देना."

"काबर?" दीदींनी विचारलं. काबर म्हणजे का.

"बस, मत देना. दूसरा भी मत देना. तीसरा भी नहीं. इज्जत का सवाल है."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हव." हव म्हणजे हो. माझा जीव भांड्यात पडला.

निकाल सुरू झाला. तिसरा नंबर कुणाचा होता ते मला अजून आठवत नाही. दुसरा, मंदाताई! हॉलमध्ये कुजबुज, कारण वृत्तांतातही तेच होतं. दीदींनी माइक जवळ ओढला.

"पहला नंबर, सात."

यादीवरून नाव पुकारलं गेलं, सौ. सुनंदा वानखडे. कुणी टाळी वाजवली नाही. मागून एक आवाज आला, "घ्या! सकाळीच वाचलं होतं!" सुनंदा खाली मान घालून बसली होती. ती उठेचना. ते बघून मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

दीदींना काही उमगेना. त्या म्हणाल्या, "एक बात और है. एक भैया मेरे पीछे-पीछे नल तक आए. बोले, सात नंबर को कुछ मत देना. मैंने सोचा, जिसको रोकने के लिए आदमी इतना परेशान है, उसमें कुछ तो होगा. फिर जाके दुबारा खाई. दूसरी बार में और अच्छी लगी."

मंदाताई ताडकन उठल्या. "कोन होता तो?"

दीदींनी बोट केलं. "वो. दरवाजे के पास जो खड़े हैं."

मी दाराजवळ का उभा होतो, हे सुज्ञांना सांगायला नको.

सगळा हॉल माझ्याकडे वळला. मंदाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माय वो! भाऊजी, तुम्ही सोताच्या बायकोले पाडून राहिले होते?"

आणि बघता बघता पारडंच फिरलं. हिच्यासाठी कुणी लबाडी केलीच नाही, उलट हिच्या नवऱ्याने हिच्याविरुद्ध केली! आणि तरीही ही जिंकली! मंदाताईंनी स्वतः सुनंदाचा हात धरून तिला स्टेजवर नेलं. टाळ्या थांबेनात. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने सगळ्यांकडे पाहिलं, एकट्या माझ्याकडे सोडून.

घरी आल्यावर मी भीतभीत विचारलं, "राग गेला का?"

"ब्लॉगचा पासवर्ड सांगा," ती म्हणाली.

सांगितला. न सांगून जातो कुठे?

दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर तिने लिहिलेला वृत्तांत आला. कोणाच्या वडीत काय होतं, माइक किती वेळा बंद पडला, अध्यक्ष किती वेळ बोलले, सगळं जसं घडलं तसं. कुठेही 'उत्साहात पार पडला' नाही. आजवर माझ्या एकाही लेखाखाली प्रतिक्रिया आली नव्हती, हिच्या लेखाखाली रांग लागली. आणि सगळ्यांनी एकच वाक्य उचलून पुन्हा पुन्हा टाकलं होतं, शेवटचं:

'सौ. सुनंदा वानखडे यांचा पहिला क्रमांक येऊ नये, म्हणून मंडळाचे सचिव व त्यांचे पती श्री. वानखडे यांनी अथक परिश्रम घेतले.'