सुतकातली कलमं

काल काकीला पोचवून आलो आणि तासाभरात तिच्या बेड्यात, म्हणजे घरामागच्या जुन्या गोठ्यात, काम सुरू झालं.

होय, मयतीच्या दिवशीच. होय, त्या कामात मीही होते.

सकाळपासून ज्यांनी फोन करून माझी लाज काढली, ही पोस्ट त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनीही वाचा.

काकी म्हणजे उमरोळीची सुलभाकाकी. आंब्याची कलमं करायची. स्टेशनपासून आत, चिकूच्या वाडीला लागून तिची नर्सरी. बोर्ड नाही. कौलारू घर, बिनरहाटाची विहीर आणि मागे ते बेडं. पूर्वी त्यात गुरं आणि पेंढा असायचा. सागाचे खांब, मातीच्या जाड भिंती.

मी पहिल्यांदा गेले ती वृक्षारोपणाच्या कार्यक्रमासाठी शंभर रोपं मागायला. आधी अर्थातच खांबाला टेकून फोटो काढले.

"किती देखणं आहे हो काकी! जुनं आहे, जपा."

"जुनं म्हणून नाय ठेवलं. थंड हाय म्हणून ठेवलंय. कोवळ्या कलमाला वारा सोसत नाय. तुझं फोटो झालं असतील तर सांग, झाडं लावणार कुठं? पानी कोन घालणार?"

शंभर माणसांपुढे तासभर बोलणारी मी. फोन पर्समध्ये ठेवला.

काकीने एक कलम दिलं. एकच.

"हे जगव. मंग बाकीचं बोलू."

दोन वर्षांनी मी मोबाईलमधला फोटो घेऊन ऐटीत गेले. झाड माझ्या खांद्याला लागलं होतं. काकीने फोन डोळ्यांजवळ नेला आणि हाक मारली, "जानकी, ये गो. बाईंची करामत बघ."

जानकी डोंगरापलीकडच्या पाड्यावरची. काकीबरोबर गेली कित्येक वर्षं कलमं बांधणारी. तिने बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"ताई, कलम कदीच मेलंय. ही खालची कोय वाडलीय."

कलमाच्या जोडाखाली कोयीचे स्वतःचे फुटवे येतात. ते खुडायचे असतात, नाहीतर वरची चांगली काडी उपाशी मरते. मी दोन वर्षं त्या फुटव्यांना कौतुकाने पाणी घातलं होतं.

"सभेत पन असंच करतीस काय गो?" काकी म्हणाली. "जे जोरात वाडंल त्यालाच पानी?"

आजवर एकाही विरोधकाने मला इतक्या कमी शब्दांत बसवलेलं नाही.

आता कालचं सांगते.

परवा सकाळी काकीने आंब्याच्या काड्या कापल्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या. दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही.

काड्या बेड्यात तशाच होत्या. समोर कोयीची रोपं, तांबड्या पानांची. ही पानं हिरवी झाली, दांडा निबर झाला की जोड धरत नाही. हातात एखादा दिवस होता. सुतक दहा दिवसांचं.

स्मशानातून आलो. जानकीने हातपाय धुतले आणि सरळ बेड्यात जाऊन गोणपाट उलगडलं.

काकीची जाऊ मागच्या ओटीवरून ओरडली, "मयत आत्ता उचललंय घरातून, आनि तू चाकू काढतेस? लाज नाय वाटत?"

"रडायला वरीस पडलंय, वैनी. काडीला आजचाच दिस हाय."

काकीचा पुतण्या म्हणाला, "दहा दिवस गेट बंद. रीत ती रीत. मरतील रोपं तर मरू दे. आता ही नर्सरी चालवणार तरी कोण?"

म्हणजे प्रश्न रीतीचा नव्हताच. काकीला उचलल्यावर तासाभरात तिची नर्सरीही उचलायची होती.

मी उठले. पदर खोचला, घसा साफ केला. "सुतक म्हणजे नेमकं काय, हे आज आपण..."

"ताई, भाषान नको," जानकी म्हणाली. "पट्ट्या कापा."

मयताच्या घरात, ओटीवर बसलेली एक म्हातारी फसकन हसली.

मी बेड्यात जानकीशेजारी बसले आणि प्लास्टिकच्या पट्ट्या कापू लागले.

जानकी कोयीचा दांडा छाटायची, मधोमध चीर द्यायची, काडीला पाचरीसारखी धार काढून आत बसवायची, पट्टी गुंडाळायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते न पुसता पुढचं रोप ओढायची.

जाऊबाई शेवटपर्यंत आल्या नाहीत. पोस्ट गोड व्हावी म्हणून त्या आल्या, असं मी लिहिणार नाही.

मात्र एक विचारते. सुतक असलेल्या घरात चूल पेटत नाही, तेव्हा शेजारी जेवण आणून देतात ना? त्याला आपण माणुसकी म्हणतो. मग घरच्यांचे हात थांबले असताना जानकीने रोपं जगवली, तर तो विटाळ कसा?

आणि कौलांचे फोटो टाकून "निसर्गप्रेमी आजी" असं स्टेटस ठेवणाऱ्यांनो, ती कसबी बाई होती. घाम गाळायची, शिव्या द्यायची, वाईट कलम स्वतःच्या हाताने उपटून फेकायची. आणि ज्या जानकीला तुम्ही फोनवर "ती कामवाली" म्हणालात, तुमच्या परसातली निम्मी कलमं तिच्या हातची आहेत. नर्सरी कोण चालवणार, हे मला तरी काल दिसलं. तुम्हाला दिसलं नसेल तर डोळे तपासा.

पुतण्या म्हणतो, दहाव्यानंतर बघू. जरूर बघा. तोवर जानकी आणि मी रोज बेड्यात आहोत. गेट बंद केलंत तर कुंपणावरून येऊ. माझं वय साठ आहे, तरी येईन.

काकी, काड्या सगळ्या बांधून झाल्या.

तीन मोडल्या. तिन्ही माझ्या हातून, जानकीच्या नाही.

जड मनाने आणि ताठ मानेने तुला निरोप देते.