औंदाचा खेळ, औंदाची खुर्ची

किस्से हे उसाच्या पाचटासारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण बांधाला ढीग लागतोच. मग कुणीतरी एक काडी टाकतो आणि भडका! माझ्या ढिगात काडी टाकणारा माणूस म्हणजे रंगनाथ. त्याचं नुसतं नाव निघालं तरी मी पेटतो. लपवायचं कशाला? सगळ्या श्रीरामपूरला माहीत आहे.

स्टँडच्या मागे दानियलचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. संध्याकाळी आम्ही चौघं तिथं जमायचो. दानियल मालक. तात्या एसटीतून रिटायर झालेले कंट्रोलर. एका डोळ्यात मोतीबिंदू, पण आवाज अजून 'जामखेड गाडी फलाटाला लागली हाय' असा. रंगनाथ साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत. त्याची सासुरवाडी जामखेडची आणि मेहुणा अमेरिकेत. चौथा मी, कापड दुकानदार नाना. माझा मेहुणा मिरजगावात. तो पाठवत काही नाही, येऊन सदऱ्याचं कापड घेऊन जातो.

शेजारी गोदाक्काचं हॉटेल. मधल्या भिंतीला हातभर खिडकी होती. तिच्यातून चहा यायचा आणि शिव्याही यायच्या.

दुकानात हात असलेली खुर्ची एकच. बाकीच्यांनी बॅटरीच्या खोक्यांवर बसायचं. म्हणून ठरलं, दर पाडव्याला प्रत्येकानं सरत्या वर्षातला आपला लाडका खेळ सांगायचा. त्यातला औंदाचा खेळ तात्या निवडणार, आणि ज्याचा खेळ निवडला तो पुढच्या पाडव्यापर्यंत खुर्चीत! दानियल दर वर्षी 'झब्बू' सांगायचा. झब्बूत तो कधी हरला नव्हता. आम्ही कधी खेळलोच नव्हतो!

*

सत्तर साली दानियलनं कुठूनसा जुना कॅरम आणला. बोर्ड झकास, पण पावडर नाही.

रंगनाथ म्हणाला, "पिठीसाखर टाकू. आपल्याकडं कशाची कमी हाय?"

कारखान्यातला माणूस! पुडीच घेऊन आला. स्ट्रायकर असा पळायला लागला की दानियलला मध्येच "थांब रं बाबा" म्हणावं लागायचं.

डाव अगदी रंगात आला. राणी पॉकेटपासून वीतभर लांब, आणि पाळी माझी. मी नेम धरला. तेवढ्यात खिडकीतून चहा आला म्हणून मान वळवली. परत बघतो तर राणी चाललेली! स्वतःच्या पायांनी! खाली पाहिलं, शंभरेक मुंग्यांनी तिला खांद्यावर घेतली होती. वरात निघावी तशी ती रंगनाथच्या बाजूच्या पॉकेटपर्यंत गेली आणि आत पडली.

मी ओरडलो, "तात्या, हे धरायचं न्हाई!"

"का न्हाई? साखर कुनाची?"

"रंगनाथची."

"मंग मुंग्या बी त्याच्याच!"

खुर्ची रंगनाथला. पाडव्याला त्यानं हाच मुंग्यांचा कॅरम सांगितला आणि तात्यांनी तोच निवडला. माझा त्या सालचा लाडका खेळ लगोरी होता. कुणी विचारलंसुद्धा नाही.

*

पुढच्या वर्षी आपली टीम विलायतेला गेली आणि दानियलच्या दुकानाला जत्रेची कळा आली. रेडिओवर कॉमेंटरी आणि आम्ही खोक्यांवर. तात्या तर डोळे मिटून बसायचे आणि कॉमेंटेटरच्या आधी निकाल द्यायचे.

"वाइड हुता."

"तात्या, तुमाला हितनं काय दिसतंय?"

"तुला दोन डोळं असून न्हाई दिसला, त्याला मी काय करू?"

एकदा रंगनाथ लघवीला मागे गेला आणि तिकडे गोऱ्यांची विकेट पडली. दुसऱ्यांदा गेला, दुसरी विकेट! दानियलच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "गोदाक्का, मोठा तांब्या भरून पानी द्या!"

मग काय, तोच खेळ होऊन बसला. बॉलर थकला की रंगनाथला पाणी पाजायचं. भागीदारी जमायला लागली की वर चहा. गोदाक्का खिडकीतून विचारायची, "गेला का न्हाई अजून?" आणि तो खरंच उठला की दुकानात टाळ्या!

मीही गुपचूप दोन तांबे रिचवून मागे जाऊन आलो. आलो तर गोऱ्यानं चौका मारलेला. तात्यांनी सगळ्यांदेखत बजावलं, "नाना, देशाचा काही इचार हाय का न्हाई? तू आपला धरून बस!"

पाडव्याला रंगनाथ पुन्हा खुर्चीत. मूत्राशयाच्या जोरावर गादी मिळवलेला असा राजा इतिहासात दुसरा नसेल. आणि मी? देशासाठी धरून बसलेलो, त्याचं कौतुक कुणी केलं नाही.

*

बहात्तर साली पाऊस विसरला. कापडाला गिऱ्हाईक नाही, रेडिओला गिऱ्हाईक नाही. सगळं गाव मान वर करून बसलेलं. तेव्हा खेळ मी काढला! हो, मीच! दुकानाच्या पायरीवर बसायचं, प्रत्येकानं एकेक ढग धरायचा, आणि ज्याचा ढग पाण्याच्या टाकीवर आधी पोचेल तो जिंकला.

तात्यांना एवढा आवडला की त्यांनी पाडव्याची वाटसुद्धा पाहिली नाही. "नाना, औंदाची खुर्ची तुझी धर."

पावसाळ्याच्या शेवटच्या दिवसांत मला एक ढग गावला. काय सांगू! काळा, गुबगुबीत, माजावर आलेल्या म्हशीसारखा. रंगनाथचं आपलं पिंजलेल्या कापसाचं चिटूक. माझा ढग टाकीवरून डौलात पुढे गेला. मी नाचलो.

आठवड्यानं रंगनाथचा सासरा जामखेडहून आला, ढोपरापर्यंत चिखल मिरवत. "जावईबापू, लई झोडपलं बगा! येकच ढग आला, काळाभोर. आमच्या रानावर थांबला, मोकळा झाला. शेजारच्या बांधावर थेंब न्हाई!"

 तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ढग ह्यो हाकलत हुता."

सासऱ्यानं माझे पाय धरायचेच बाकी ठेवले. पण निकाल? "ढग नानाचा, पन पाऊस रंगनाथच्या घरात पडला. पिकलं तिथं मालकी!" खुर्ची रंगनाथला.

त्या रात्री बायकोनं विचारलं, "जेवत का न्हाई?" मी म्हणालो, "पोटात जळतंय." ती म्हणाली, "रंगनाथभावजींना काय मिळालं आता?"

*

त्र्याहत्तरला मी ठरवूनच बसलो. सुताराकडून बॅगाटेल करून घेतलं. सागवानी फळी, त्यावर पितळी खिळ्यांची कमान, स्प्रिंगचा दांडा, सायकलीचे छर्रे. छर्रा सुटला की खिळ्यांवर असा किणकिणत उतरायचा की गोदाक्काही उलथनं हातात घेऊन बघायला यायची. पाडव्याला तात्या म्हणाले, "औंदाचा खेळ बॅगाटेल."

मी खुर्चीकडे गेलो. अर्धा वाकलोसुद्धा होतो. एवढ्यात सायकलची घंटी वाजली.

रंगनाथ! कॅरियरला खोकं. "मेहुन्यानं धाडलंय. टीव्हीवर खेळायचा खेळ."

मी वाकलेला तसाच उभा राहिलो.

खोक्यात एक पांढरा डबा, त्याला वायरनं जोडलेले दोन लहान डबे, त्यांना फिरवायची बटनं, आणि एक हिरवा पारदर्शक कागद. कागदावर टेनिसचं मैदान. तो टीव्हीच्या काचेला चिकटवायचा, बटनं फिरवायची, की काचेत चेंडू इकडून तिकडे पळणार. सेल घातले की सुरू!

"आन टीव्ही?" मी विचारलं.

श्रीरामपुरात टीव्ही ही अजून पेपरातली बातमी होती. दानियलनं वायरीचं टोक हातात धरून सगळीकडे पाहिलं. "ह्ये म्हंजी नवरदेव आला, पन मांडव दुसऱ्याच गावात!"

मी पोटभर हसलो. तीन वर्षांचं हसलो. पण दानियल गप्प बसणाऱ्यातला नव्हे. त्यानं एका रेडिओचं रिकामं खोकं घेतलं, तोंडाला हिरवा कागद लावला, आत बल्ब पेटवला. मैदान हिरवंगार उजळलं. शेजारी चालू रेडिओ ठेवला, तर बटन फिरवलं की रेडिओ 'खर्रर्र' करायचा.

तात्यांनी मान डोलावली. "चेंडूचा आवाज हाय ह्यो. दोघं खेळा. जितंल त्याची खुर्ची."

"पन तात्या, चेंडू दिसत न्हाई!"

"तुला न्हाई दिसत. खेळ."

आणि आम्ही खेळलो! 'खर्रर्र' झालं की मी बटन फिरवायचो, मग रंगनाथ. तात्या डोळे मिटून सांगायचे, "नानानं परतवला... रंगनाथ धावला... जाळीत! पॉइंट नानाचा!" स्टँडवरची माणसं दारात जमली. कुणीतरी म्हणालं, "लई फास्ट हाय गडी!" माझ्या धोतरातून घाम निथळत होता. रंगनाथ तर जाग्यावर उड्या मारत होता.

दोघांचे पॉइंट बरोबरीत आले. शेवटचा चेंडू. मला त्या मुंग्या आठवल्या. ते धरून बसणं आठवलं. माझा ढग आठवला. 'खर्रर्र' झालं आणि मी बटनाला असा हिसका दिला की मनगट कटकन वाजलं.

रेडिओ एकदम गप्प.

रंगनाथ म्हणाला, "भाईर गेला!"

मी म्हणालो, "रेघंवर पडला!"

तेवढ्यात भिंतीपलीकडे खळ्ळकन आवाज झाला. खिडकीत गोदाक्काचं तोंड आलं आणि हातात फुटक्या बरणीचं झाकण. "कोन मुडदा चेंडू खेळतोय रं? खारी बिस्किटाची बरनी फोडली की माजी!"

 दानियल हळूच म्हणाला, "गोदाक्का, चेंडू कुठाय?"

"मला काय इचारतूस? खिडकीतनं आला आन दारातनं गेला!"

तात्यांनी डोळे उघडले. "मंग भाईरच गेला. पॉइंट रंगनाथचा."

खुर्ची पुन्हा रंगनाथला! तो बसला, पण कडेवर. एकदा खिडकीकडे बघायचा, एकदा आपल्या अमेरिकेच्या डब्याकडे, एकदा माझ्या मनगटाकडे. त्याचा चेहरा कसनुसा झाला होता. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. तीन वर्षं मी तो रोज सकाळी दाढीच्या आरशात पाहत होतो.

मग तो उठला. रुमालानं खुर्ची पुसली.

"नाना, बस."

"आरं, पॉइंट तुजा हाय."

"असू दी. बस तू. फकस्त येवढं सांग, बटन उजवीकडं फिरवलं हुतंस का डावीकडं?"

मी आधी नीट टेकून बसलो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. आणि खिडकीकडे तोंड करून गोदाक्काला चहा सांगितला.