कंपनीचं गुपित आन् आमचं कॅलेंडर

मले लिहिता येत नाही, मी सांगून राहिली आन् नात पल्लवी लिहून राहिली.

तिच्या अकोल्याच्या जुन्या कंपनीची आज नोटीस आली. बायोडाट्यात गिऱ्हाइकांची नावं टाकली, ती गुप्त हायेत, कोर्टात खेचू म्हणे. सोमवारी अमरावतीत नव्या नोकरीवर जायचं, आन् पोरगी रडून राहिली.

शेजारचे वकील शेखभाऊ धावत आले. नोटीस वाचली, मंग भिंतीकडं पाहिलं.

"आजी, हे कॅलेंडर कोनं देल्लं?"

"त्याच कंपनीनं. मी चतुर्थीले त्याच्यावर टिकली लावतो."

"अवो, याच्यावर तर तीच नावं छापली हायेत!"

त्याईनं फोटो काढून कंपनीले पाठवला. दुपारीच नोटीस मांगं घेतली.

शेखभाऊ, तुमचे लय उपकार!

मी तं अडाणी. पन ही शिकलेली पोरगी रोज त्याच कॅलेंडरखाली जेवते, तिनं काहून वाचलं नसंल? तुमीच इचारा. लिही वं, लाजू नको.