आईचा दहावा छर्रा

रविवारी दुपारी, यवतमाळच्या दोन दिवसांच्या एअर रायफल शिबिरात, माझ्या आईने शेवटचा छर्रा चुकून माझ्या टार्गेटवर मारला. शिबिर संपण्याआधी एक तरी छर्रा काळ्या गोलात लागावा, एवढंच तिला हवं होतं. आधीचे नऊ पांढऱ्या भागात गेले होते. माझे दहा मारून झाले होते. आता माझ्या कागदावर अकरावं भोक होतं, गोलाच्या मधोमध.

"दुसऱ्याच्या टार्गेटवर मारलं की शून्य, काकू," प्रशिक्षक म्हणाले.

"दुसरं कोन? पोरगी होय ते माही," आई म्हणाली. "पन काळ्यात लागला ना सर?"

"लागला. एकदम मधात."

त्यांनी तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. माझा कागद आईने मागून घेतला.